उघडण्याआधी क्लच तपासा
सॅन स्टॉर्म या छोट्या भारतीय स्पोर्ट्स कारचा दुसरा गिअर खरखरतो म्हणून थेट गिअरबॉक्स उघडायला निघालात, जरा थांबा भाऊ. गाडी उभी, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंदांनी रिव्हर्स टाका. तोही खरखरला तर क्लच नीट सुटत नाहीये, आधी तो बघा. रिव्हर्स अलगद पडला तर चालत्या गाडीत डबल क्लच करून (क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून पुन्हा दाबायचा) दुसरा टाका, जुने ट्रकवाले टाकायचे तसा. आवाज गेला म्हणजे सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी कडी, झिजली. गिअर ऑइलही तपासा. त्याचे जीएल-४, जीएल-५ असे दर्जे असतात: जीएल-५ मधली गंधकाची रसायनं पितळी रिंगला मानवत नाहीत, मॅन्युअलमध्ये जीएल-४ सांगितलं असेल तर तेच भरा. माझ्या जुन्या गाडीची रिंग अशीच गेली, अजून हळहळ वाटते. आणि नागपूरच्या ४५ अंशांत फायबरची बॉडी उघड्यावर ठेवू नका, हात जोडतो.