बंगल्यातलं जेवण: तुमचा अनुभव लिहा

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी आम्हा दोघांना वांद्र्याच्या गावठाणातल्या एका जुन्या घरात जेवायला धाडलं. मंगळुरी कौलं, बाहेरून चढणारा लाकडी जिना, आणि एकेकाळी कुणाची तरी निजायची खोली असावी तिथे चार टेबलं. सात पदार्थांचा ठरलेला मेनू. बशी परातीएवढी, मधोमध घासभर ऐवज. वाढणारा मुलगा दरवेळी त्या घासाची कुळकथा सांगायचा. तिसऱ्या खेपेला ह्यांनी विचारलं, "बाळा, पोळी कधी येणार?" मी टेबलाखालून पाय दाबला. पण पुढच्याच बशीत बाटली मसाल्यातली कोळंबी आणि दोन फुगिया, म्हणजे तळलेले गोल पाव, आल्या आणि हे गप्प झाले. त्या कोळंबीसाठी मी पुन्हा जाईन, बाकीच्या सहांसाठी नाही.

तुम्हीही अशा घरात जेवला असाल तर लिहा. खिशाचंही लिहा, लाजू नका.

*

जिना बाहेरून म्हणताय, म्हणजे ते आमचं घर नव्हे. मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली, माहेर वांद्र्याचंच. आजीचं घर भावंडांनी मिळून हॉटेलवाल्याला भाड्याने दिलंय. बाटली मसाला आम्ही मे महिन्यात करायचो. मिरच्या, धणे, हळद सगळं अंगणात वाळवायचं, कुटायचं आणि बिअरच्या गडद बाटल्यांत काठीने ठासून भरायचं. नाव त्यावरूनच पडलं. फुगियांचं पीठ ताडी घालून फुगवायचं. आता ताडी मिळेना, म्हणून यीस्ट.

हॉटेल सुरू झाल्यावर एकदा मुकाट्याने गिऱ्हाईक म्हणून गेले. आजीचं शिवणयंत्र असायचं तिथे मला बसवलं. जमिनीच्या लाद्या त्याच, एक तडकलेली होती तीसुद्धा. मोरीच्या जागी दारूचं कपाट. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. वाढणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, हे घर फार जुनं आहे हं." मी म्हटलं, "हो का?"

*

पुणे, कोरेगाव पार्क. वडाखालचा बंगला, अंगणात दिवे, आणि दिव्यांपेक्षा डास जास्त. मेहुण्याने बोलावलं होतं, पण बिल आधी माझ्या हातात पडलं (सवय). खाली 10 टक्के सेवाशुल्क, वर त्यावरही जीएसटी! म्हटलं, हे काढा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 सालीच सांगितलंय की असं शुल्क आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मॅनेजरने हुज्जत न घालता काढलं. मेहुणा मात्र गाडीत बसेपर्यंत बोलला नाही. वाढणाऱ्या पोराला मी वेगळे दोनशे दिले, हे त्याने पाहिलंच नाही.

*

मेनू वाचायला मोबाइलचा दिवा लावावा लागला. एवढंच आठवतंय.

*

आम्ही जुलैत गोव्यात आसगावला गेलो होतो. पोर्तुगीज काळातलं घर, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, पुढे बसायला ऐसपैस ओटा. पहिली बशी आली आणि वीज गेली. मेणबत्त्या आल्या. पाऊस कौलांवर असा कोसळत होता की वाढणारा ओठ हलवतोय एवढंच दिसत होतं. शेवटी त्याने हात जोडले आणि बशी ठेवून गेला. शागुती काय, हे ओळखायला सांगावं लागतं थोडंच? भाजलेल्या खोबऱ्याचा वास आधीच पोचला होता. शेवटी सेरादुरा आली, बिस्किटांचा भुगा आणि साय. सासूबाईंनी, वय 78, बशी बोटाने पुसून घेतली. अंधारात कोण बघतंय!

*

पाच वर्षांचं पोर चालतं का अशा ठिकाणी?

*

पुण्यात विचारलं तर "नाही" म्हणाले. आसगावचं त्या ताई सांगतील. फोन करूनच जा, आणि पोराला आधी वरणभात भरवा.