१९६६ च्या फोर्ड कंट्री स्क्वायर वॅगनला सायलेन्सरची कुठली टिप शोभेल?

इचलकरंजीचा मिशिगनकर

मंडळी, सायलेन्सरची टिप म्हणजे धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडावर बसवायचा शोभेचा तुकडा. प्रश्न किरकोळ आहे, पण माझे तीन रविवार त्यातच गेलेत.

गाडी १९६६ ची फोर्ड कंट्री स्क्वायर. ३९० घन इंचांचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन, दोन तोंडांचा कार्ब्युरेटर, सायलेन्सर एकेरी. अंगावर ते सुप्रसिद्ध खोटं लाकूड, म्हणजे विनाइलचा कागद आणि कडेने फायबरग्लासच्या पट्ट्या. मागचा दरवाजा फळीसारखा खालीही पडतो आणि कपाटासारखा बाजूलाही उघडतो. ही करामत फोर्डने त्याच वर्षी आणली. आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांकडून घेतली. त्यांच्या मुलाने कधीतरी हौसेने मागे चार इंची स्टेनलेसची टिप ठोकली होती. तिरकी कापलेली, दुहेरी कडेची, आरशासारखी. बायको म्हणते, नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखं दिसतंय. तिचं बरोबर आहे.

ती टिप ग्राइंडरने कापून काढली. स्क्रू इतका गंजला होता की पाना लावताच डोकं हातात आलं. आत मूळ नळी निघाली, बाहेरून व्हर्नियरने बरोबर दोन इंच. नळीचं तोंड सरळ मागे बघतंय आणि बंपरच्या कडेपासून चार बोटं आतच संपतंय. बहुतेक कुणीतरी गंजलेला तुकडा कापून टाकला असावा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात नळ्या टिकत नाहीत.

आता माझ्यापुढे तीन वाटा: काहीच न लावता नळी काळी रंगवायची, खाली वाकलेली क्रोमची छोटी टिप लावायची (लाल काचेचा खडा बसवलेली एक जुनी बघून ठेवलीय), किंवा ती लांब, बारीक ‘पेन्सिल’ टिप. साठच्या दशकात अशा गाडीच्या मालकाने खरोखर काय लावलं असतं?

जाता जाता, गाडी चालते झकास. मागच्या रविवारी आई आणि लेक मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसल्या होत्या. मागची काच खाली, वारा खात तासभर फिरलो. आईचं घरी आल्यावर डोकं धरलं, पण तिला गाडी लागतेच.

पेठेतला फियाटवाला

भावा, वाट क्रमांक चार: नाना पेठेत ये. तुझ्यासमोर पत्रा कापून, वळवून, क्रोम करून देतील आणि वर विचारतील, ‘शिट्टी पण बसवू का?’ माझ्या फियाट डिलाइटला आधीच्या मालकाने माशाच्या शेपटीसारखी टिप लावली होती. १०८९ सीसीचं इंजिन, आणि आवाज काय तर रेस जिंकून आल्याचा. काढून टाकली. तसंही आपल्याकडे २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हीए’ या व्हिंटेज गाड्यांच्या नंबराखाली नोंदवायची तर ती मूळ रूपात लागते. टिपवरून कुणी अडवणार नाही, पण आपल्यालाच कसंतरी होतं.

माझं मत: काही लावू नकोस. फॅक्टरीतून निघालेल्या बहुतेक घरगुती वॅगनना टिप नव्हतीच.

लेथवाले काका

मी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. टिपचं मागाहून बघू. तू शेवटी ‘जाता जाता’ म्हणून जे लिहिलंस ते आधी परत वाच.

नळी बंपरच्या आत संपते, तोंड सरळ मागे, मागची काच खाली, मागे माणसं, आणि तासाभराने डोकं दुखतं. अरे, ही गाडी लागणं नव्हे. तुझ्या आईने तासभर धूर घेतलाय. निकाल लागेपर्यंत मागे कुणालाही बसवू नकोस.

वॅगनची पाठ भिंतीसारखी उभी. गाडी पुढे पळते तशी मागे हवेची पोकळी तयार होते आणि गाडीखालची हवा गोल फिरत त्या पोकळीत वर चढते. पावसाळी दिवशी बघ, वॅगनची मागची काच चिखलाने आधी माखते, सेडानची तितकी नाही. म्हणूनच वॅगनच्या मागच्या काचेला वायपर देतात. चिखल जिथून चढतो तिथूनच धूर चढतो. काच उघडी असली की आत. आणि १९६६ ची गाडी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नाही. ते इथे १९७५ च्या मॉडेलांपासून सर्रास आले. तुझ्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. वास येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा. तेव्हा ‘वास आला नाही’ यावर विसंबू नकोस.

दोन गोष्टी आज संध्याकाळीच कर. एक, डॉलरची नोट मागच्या दाराच्या रबरात धरून दार लाव आणि नोट ओढ. अडकली पाहिजे. सहज निघाली तर तिथलं रबर मेलं. चारी बाजूंनी वीतभर अंतरावर हे कर. दोन, गाडी अंगणात उभी कर. इंजिन बंद, चावी नुसती पुढे फिरव, सगळ्या काचा वर, बाहेरची हवा आत घेणारा पंखा जोरात. मग बाहेरून दाराच्या फटीशी उदबत्ती फिरव. जिथे धूर फुंकर मारल्यासारखा उडेल तिथून हवा गळतेय. हवा जिथून बाहेर येते तिथूनच धूर आत जातो.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवणारा छोटा मीटर घे. घरात भिंतीला लावायचा अलार्म चालणार नाही. त्याच्या मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तो एक ते चार तासांत कधीतरी वाजतो. तोवर तुम्ही सहल करून घरी आलेले असता.

मीनल, क्लीव्हलँड

काकांचं आधी करा, मग हे वाचा.

गाडी एएसीएच्या (अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या) परीक्षणाला न्यायची आहे का? त्यांची कसोटी साधी आहे: गाडी डीलरच्या शोरूममधून जशी बाहेर पडू शकली असती तशी. त्या वर्षीच्या कंपनीच्या कॅटलॉगात, पार्ट्स बुकात किंवा जाहिरातपत्रकात ॲक्सेसरी दिसत असेल तर चालते, पण कागद तुम्ही दाखवायचा. जे. सी. व्हिटनी या टपालाने सुटे भाग विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगातून त्या काळी कितीही लोकांनी टिपा मागवल्या असल्या तरी तो फोर्डचा कागद नव्हे. परीक्षणाला जाताना ती काढून ठेवा. डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ऑगस्टातल्या जुन्या गाड्यांच्या फेरीत फिरवायची असेल तर कोण विचारतंय.

आम्ही दोघं दर ऑक्टोबरात हर्शीच्या जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जातो. टिपांची खोकी जमिनीवर ओतलेली असतात, मंडईत बटाटे ओततात तशी. माझ्या खिशात चुंबक असतं. जुनी टिप म्हणजे साध्या पोलादावर क्रोम, तिला चुंबक घट्ट चिकटतं. हल्लीच्या बऱ्याच स्टेनलेसला चिकटत नाही, पण स्वस्तातल्या काहींना चिकटतं. मग आत बोट घालून बघायचं. जुनी आतून तपकिरी, खरखरीत असते. स्टेनलेस आतबाहेर सारखंच. कडही बघा: जुनीची एकेरी पत्र्याची, बाहेर किंचित वळवलेली. दुहेरी जाड ओठ दिसला की ती तुमच्या गाडीपेक्षा पुष्कळ तरुण आहे.

लाल खड्याची टिप सुंदर असते, मला फार आवडते, पण ती १९५० च्या आसपासच्या गाडीवर. तुमच्या चौकोनी गाडीवर आजीची नथ घातल्यासारखी दिसेल. पेन्सिल तर नकोच. ती जमिनीला टेकायला आलेल्या, हौसेने बदललेल्या कस्टम गाड्यांची. आठ माणसं आणि किराणा वाहणाऱ्या गाडीला तो तोरा कशाला?

इचलकरंजीचा मिशिगनकर

काका, तुमचं वाचलं आणि हात गार पडले. आईला विचारलं, ‘मळमळलं होतं का?’ म्हणाली, ‘नाही रे, नुसतं डोकं जड. पोरीचं पण दुखत होतं, पण तिने सांगू नको म्हटलं, तू पुन्हा नेणार नाहीस म्हणून.’ यावर काय बोलणार.

नोटेची परीक्षा केली. वर आणि उजवीकडे नोट अडकते. खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र वहीतलं सुटं पान निघावं तशी निघाली. उदबत्ती आईच्या देव्हाऱ्यातली. ती स्वतःच हातात धरून फिरत होती, दाराला ओवाळल्यासारखी. त्याच कोपऱ्यात धूर सटकन बाहेर उडाला. स्टेपनीच्या खोबणीशी वाकली तर तिथेही. चटई उचलली तेव्हा कळलं, तळाचं रबरी बूच गायब आहे. रुपयाएवढं भोक, त्यातून खालची फरशी दिसते.

मीटर आला. एकटाच गेलो. मागची काच खाली घेतल्यावर मागच्या बाकावर ठेवलेला मीटर पाच मिनिटांत ५८ पीपीएमवर. काच वर केली, पुढच्या उघडल्या, आकडा उतरायला बराच वेळ लागला. घरी येऊन अर्धा तास ओट्यावर बसून होतो.

आता सांगा, नळीचं काय करू?

लेथवाले काका

बरं झालं मोजलंस. आता टिपचं बोलू.

पाइप वाकवणाऱ्या दुकानात जा. नळीचं शेवटचं टोक नवीन करून घे. गाडीखाली संपू देऊ नको. मागच्या चाकामागून बाहेरच्या अंगाला वळव आणि तोंड बॉडीच्या कडेच्या जरा बाहेर आण. अंगठ्याच्या पेराइतकं पुरे, नाहीतर पोटऱ्या भाजतील. धूर मागच्या पोकळीत न जाता बाजूच्या वाहत्या हवेत पडला पाहिजे.

त्यावर छोटी क्रोमची टिप, सहा-सात इंची, हलका बाक असलेली, एका बोल्टने आवळायची. त्या काळी पार्ट्सच्या दुकानात टांगलेली असायची तशी, साधी. बाक सरळ जमिनीकडे ठेवू नको, खाली आणि बाहेर असा मधला. बोल्ट आवळण्याआधी गाडीमागे उकिडवा बसून बघ, टिपचं तोंड तुला दिसता कामा नये.

नळी दोन इंच आहे तर टिपचा आतला व्यास त्याहून एक षोडशांश इंच जास्त हवा. घट्ट बसते म्हणून हातोड्याने ठोकू नकोस, क्रोमला केसासारखी चीर जाते आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुसरं, दूध आणायला म्हणून दोन मैल जाऊन गाडी बंद करू नको. नळीत पाणी साठतं आणि टिप आतून कुजते. काढलीस तर वीस मिनिटं तरी पळव. वरून लाल ठिपके आले तर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घास, निघतात.

दुसऱ्या बाजूला जोडी दिसावी म्हणून खोटी टिप लावणारे महाभाग मी पाहिलेत. तू त्यातला नाहीस असं धरून चालतो.

आणि एवढं सगळं करूनही चालताना मागची काच वरच ठेवायची.

इचलकरंजीचा मिशिगनकर

झालं. नळी चाकामागून बाहेर. टिप मीनलताईंच्या नवऱ्याच्या खोक्यातली निघाली, आतून तपकिरी, चुंबक चिकटणारी. त्यांनी पोस्टाने पाठवली, पैसे घेतले नाहीत, वर चकलीची भाजणी मागितली आहे. उकिडवा बसून तपासलं, तोंड दिसत नाही. बायको म्हणाली, ‘टिप लावलीय कुठे?’ म्हणजे जमलंय.

बूच बसवलं. काच वर ठेवून, मीटर मागच्या बाकावर ठेवून चाळीस मिनिटं फिरलो: शून्य. आई आता पुढे बसते, मागे नको म्हणते, आणि दर दहा मिनिटांनी ‘किती झालं?’ विचारते.

खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या रबराला सध्या चिकटपट्टी लावली आहे. १९६६ च्या या दुहेरी दाराची पूर्ण रबरपट्टी कुणी बदललीय का? बिजागरीपाशी ती दोन तुकड्यांत येते की सलग?