८:४० ला गेटवर

सचिव, बी-२०१: सोसायटीतल्या सर्व पालकांना नमस्कार. व्हॅनकाकांचा निरोप आहे. व्हॅन ८:४० ला निघायला हवी, पण रोज दोन-तीन मुलं खाली यायची असतात म्हणून ९ वाजेपर्यंत थांबावं लागतं. शाळा ९ ची. त्यामुळे वेळेवर खाली आलेली मुलंही परिपाठाला पोचत नाहीत. उद्यापासून व्हॅन थांबणार नाही, कृपया सहकार्य करावे.

बी-४०४: काका, आज आमच्यामुळेच उशीर झाला. सगळ्यांची माफी मागते. धाकटीचं पोट दुखत होतं. गेले तीन सोमवार हेच चाललंय.

सी-३०२: वहिनी, माफी कसली मागता? पाच-दहा मिनिटांनी दुसरीतल्या मुलांचं काय बुडतंय? या वयात नापास पण करत नाहीत. आम्ही चंपाषष्ठीला गावच्या खंडोबाच्या जत्रेला चार दिवस गेलो होतो. शाळा बुडाली, पण पोराने लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडताना पाहिला, तळी उचलली, चुलत भावंडांत राहिला. ते वर्गात मिळालं नसतं.

ए-१०२, बाई: जत्रेला नेलंत ते चांगलंच केलंत. मीही नेलं असतं. पण दहा मिनिटांचा हिशेब करून बघू या. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं धरलंय, म्हणजे दिवसाला ४ तास. रोज १० मिनिटं उशीर झाला तर २०० दिवसांत २००० मिनिटं जातात, तेहतीस तासांच्या वर. म्हणजे शाळेचे आठ दिवस. मूल एकही दिवस घरी न राहता आठ दिवस गैरहजर.
आणि ही दहा मिनिटं परिपाठाची असतात. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, पाढे. घरून आलेलं मूल तेवढ्या वेळात वर्गातलं होतं. बाईंचा आवाज कानाला लागतो, शेजारच्याशी दोन शब्द होतात, मग पाटी-पुस्तक. उशिरा आलेल्या मुलाला हे मिळतच नाही. ते दारात उभं राहतं आणि चाळीस डोळे त्याच्याकडे वळतात.
सी-३०२, तुमच्याशी भांडण नाही. एकच करा. जत्रेच्या चार दिवसांत वर्गात काय शिकवलं ते त्याच्या बाईंना विचारा.

ए-५०३, डॉक्टर: बी-४०४, शनिवार-रविवार दुखत नाही आणि सोमवारीच दुखतं, तर ते नाटक आहे असं धरू नका. ताणाने मुलांचं पोट खरंच दुखतं. वर्गात कोणी त्रास देतंय का, फळा नीट दिसतो का, शाळेत लघवीला जाते का, हे एकेक करून विचारा. स्वच्छतागृह घाण असेल किंवा कडी तुटकी असेल तर बऱ्याच मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. दुखणं वाढलं, उलटी किंवा ताप आला, रात्री झोपेतून उठून रडली तर मात्र लगेच दाखवायला आणा.
आणि सर्वांसाठी: ताप, उलट्या-जुलाब असतील तर शाळेत पाठवू नका. कांजिण्यांमध्ये सगळ्या खपल्या धरेपर्यंत घरी ठेवा. नुसतं नाक वाहतंय, मूल खेळतंय, जेवतंय, तर रुमाल देऊन पाठवा.

सी-६०१: डॉक्टर, थंडीत उठतच नाहीत हो. ओढून काढावं लागतं.

ए-५०३, डॉक्टर: रात्री कधी झोपतात? सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. ७ ला उठवायचं तर साडेनऊला गाढ झोपलेलं हवं.

ए-१०२, बाई: चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत असं परिपत्रक शासनाने २०२४ मध्ये काढलं, तेही मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. सकाळी मिळालेला तो वेळ आपण रात्रीच्या जागरणात घालवला. काल रविवारी क्लबहाउसमधलं वाढदिवसाचं गाणं-बजावणं पावणेअकराला थांबलं. आज सोमवार. सचिवसाहेब, रविवारचे कार्यक्रम ९ ला बंद करता येतील का?

सचिव, बी-२०१: कमिटीत मांडतो. मला व्यक्तिशः मान्य आहे.

सी-३०२: बाई, काल तुमचं बोलणं थोडं लागलं होतं, खोटं नाही सांगत. पण आज त्याच्या बाईंना फोन केला. त्या चार दिवसांत हातच्याची बेरीज शिकवली होती. संध्याकाळी मी त्याला २७ आणि १५ ची बेरीज घातली. त्याने ३१२ लिहिलं. ७ आणि ५ बारा, सगळे बारा खाली लिहिले, मग २ आणि १ तीन. महिनाभर वहीत लाल खुणा येत होत्या आणि मी त्याला "लक्ष देत नाहीस" म्हणून ओरडत होतो. लक्ष कशाकडे देणार, तो त्या दिवशी वर्गातच नव्हता.

ए-१०२, बाई: उद्या संध्याकाळी त्याला माझ्याकडे पाठवा. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबर बँड घेऊन यायला सांगा. दहा काड्यांची जुडी बांधली की हातचा हाताला कळतो, दोन दिवसांचं काम आहे.
तुमच्या लेकराला ही सोय झाली. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं होते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आणि माझा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. पटावर अडतीस नावं, समोर सतरा मुलं. पाडव्याच्या आसपास परत आली की आधी वाचता येणारं मूलही अक्षर लावत बसायचं. आईबापांना दोष कसा देणार? कोयता घेऊन निघालेली आई सहा वर्षांच्या मुलीला कुणाच्या ओट्यावर ठेवून जाणार? पुढे हंगामी वसतिगृहं झाली. मुलं आजीकडे थांबून गावातच दोन वेळ जेवू लागली, तशी माझ्या वर्गातली हजेरी टिकली. १९९२ पासून गरीब आणि मागास घरांतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया भत्ताही असायचा. रुपयात काय येतं असं लोक म्हणत. वर्षाचे साठून दोनशेच्या आसपास झाले की त्यात वह्या आणि फ्रॉक यायचा, आणि बाप स्वतः मुलीला शाळेत सोडायला यायचा. मूल घरी राहतं तेव्हा मी आधी घरातली अडचण शोधते, ही सवय तिथली.

बी-४०४: बाई, तुमचं हे वाचून आज दुपारी धाकटीला मांडीवर घेऊन विचारलं. दर सोमवारी वर्गात बाकं बदलतात. जो आधी येतो तो मैत्रिणीशेजारी बसतो. आम्ही उशिरा, म्हणून तिला कायम शेवटचं उरलेलं बाक. "आई, सगळे बघतात माझ्याकडे," म्हणाली. उशिराच्या भीतीने पोट दुखायचं, पोट दुखलं म्हणून आणखी उशीर. तीन आठवडे मी ओवा-हिंग देत बसले.

आता एक गोष्ट लिहिते, जी मला दोन दिवस खातेय. आपल्या वॉचमनदादांची मुलगी तिसरीत आहे, महापालिकेच्या शाळेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस ती इथेच असते, चार वर्षांच्या भावाला सांभाळत. कारण तिची आई सकाळी ७ पासून आपल्या पाच घरी भांडी-लादीला असते. पहिलं घर माझं आहे. ९ च्या आत माझा ओटा आवरून व्हावा हा माझा हट्ट. माझी मुलगी वेळेवर जावी म्हणून मी ज्या बाईची घाई करते, तिच्या मुलीची शाळा त्याच घाईत बुडते. परवा ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला, आपल्या मुलींनी भाषणं केली. ही मुलगी भावाला कडेवर घेऊन क्लबहाउसच्या दाराशी उभी होती. मी तिला लाडू दिला आणि आत गेले.
उद्यापासून माझ्याकडे सव्वानऊनंतर या असं मी ताईंना सांगितलंय. पगार तोच. बाकीच्या चार घरांनी कृपया विचार करावा.

बी-१०३: आमच्याकडे १० ला आल्या तरी चालेल.

सी-६०१: मला ऑफिसला साडेआठला निघावं लागतं, घरी कोणी नसतं. किल्ली बाईंकडे ठेवली तर चालेल का?

ए-१०२, बाई: ठेवा. आणि भावाचं मी बघते. चार वर्षांचा आहे, तो अंगणवाडीत जायला हवा. मागच्या वस्तीत अंगणवाडी आहे, सेविका माझ्या ओळखीच्या आहेत. उद्या ताईंना घेऊन जाते.

बी-५०२: सांगितलं ताईंना, आमच्याकडेही साडेनऊनंतर.

डी-४०१: आमच्याकडे आजारी सासूबाई आहेत, सकाळचं मला खरंच जमणार नाही. पण दोन दिवस थांबा, दुसरी सोय होते का बघते.

बी-४०४: डी-४०१, घाई नको. तुमची अडचण ताईंनाही ठाऊक आहे.

ए-३०१, आजोबा: मी सगळं वाचतोय. एक सुचवतो. शाळा इथून एक किलोमीटरसुद्धा नाही, महापालिकेची शाळा त्याच रस्त्याला थोडी पुढे. व्हॅन हवी त्यांनी व्हॅनने जावं. बाकीच्यांना मी चालत नेतो. ८:३५ ला गेटवर जमायचं, ८:४० ला निघायचं. मी रोज त्याच वेळी फिरायला जातो. वॉचमनदादांची मुलगीही आमच्याबरोबर. चालताना पाढे म्हणू.

सी-६०१: आजोबा, माझी दोन्ही मुलं तुमच्याबरोबर. रोज सकाळच्या ओढाताणीपेक्षा हे बरं.

बी-४०४: धाकटी आत्ताच दप्तर भरून बसलीय. सोमवारी पहिलं बाक पकडायचं म्हणतेय.

ए-३०१, आजोबा: आज नऊ मुलं होती. ८:५३ ला शाळेच्या फाटकात पोचलो. सतराच्या पाढ्यावर गाडी अडली, ती वॉचमनदादांच्या मुलीने पुढे नेली. सूचना एवढीच: नाल्याच्या वळणावर डंपर वेगात येतात, तिथे पुढे एक आणि मागे एक असं मोठं माणूस लागतं. आज बाई होत्या. शुक्रवारी मला डोळे तपासायला जायचंय. माझ्या जागी कोणी येईल का?

सी-३०२: शुक्रवारी मी येतो आजोबा. ८:३० ला गेटवर असेन.