अंगावर पाजलं की कॅन्सर होत नाही, हे कितपत खरं? मदत हवी आहे

ऐरोलीत राहते. लेक साडेसहा महिन्यांची. 26 आठवड्यांची रजा संपून मागच्या सोमवारपासून ऑफिस सुरू झालंय. दूध काढायला स्टोअररूम दिली आहे. दाराला आतून कडी नाही, म्हणून खुर्ची टेकवून प्रिंटरच्या खोक्यांमध्ये बसते. दोन्ही बाजू मिळून जेमतेम 60 मिली निघतं. त्यामुळे दुपारचं एक पाजणं बंद करून वरचं दूध द्यावं असं मनात आहे.

सासूबाईंना हे पटत नाही. रविवारी आई आली होती, तिच्यासमोरच म्हणाल्या, "पाजणाऱ्या बाईला छातीचा कॅन्सर होत नाही." माझ्या आईला 44व्या वर्षी झाला होता. मला तिने दोन वर्षं पाजलं, धाकट्याला अडीच. ती काहीच बोलली नाही, मेथी निवडत राहिली. थोड्या वेळाने बघितलं तर पानं कचऱ्यात आणि काड्या ताटात.

सासूबाई वाईट नाहीत, त्यांनी कुठेतरी ऐकलंय. पण ऐकलं ते अर्धवट ना? आणि एक पाजणं कमी केलं तर माझा धोका खरंच वाढेल का? आईमुळे मी आधीच घाबरलेली आहे.

ता. क. डाव्या बाजूला काखेजवळ सुपारीएवढी गाठ लागतेय, दहा-बारा दिवस झाले. दुखत नाही. दूध साठलं असेल, नाही का?

दोनमुलांचीआई, कोपरखैरणे:
अगं, जे आधी लिहायचं ते ता. क.मध्ये टाकलंस! दूध साठून झालेली गाठ बहुतेकदा दुखते आणि पाजून, शेकून दोन-तीन दिवसांत बसते. ही बसली नाही, म्हणजे या आठवड्यातच दाखव. दुधाचीच असण्याची शक्यता जास्त आहे, पण हात लावून ते ठरत नाही. सोनोग्राफी पाजत असतानाही होते, जाण्याआधी बाळाला पाजून जा. "पाजतेय म्हणून थांबू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. आईचं निदान कितव्या वर्षी झालं ते न विचारता सांग.

टक्क्यांचं म्हणशील तर 2002 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 30 देशांतल्या 47 अभ्यासांचा एकत्रित हिशोब आला होता. सगळ्या मुलांचं मिळून दर 12 महिने पाजण्यामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण 4.3 टक्क्यांनी कमी. शंभरातल्या चार बायका वाचतात असा त्याचा अर्थ नाही. जो काही धोका आहे, त्यातला एवढा भाग कमी होतो. पाळी उशिरा येते, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, दुधाच्या पेशी पक्व होतात, अशी कारणं देतात. म्हणजे तुझ्या आईने साडेचार वर्षं पाजलं त्याचा फायदा होताच, फक्त ते कवच नव्हे. दुपारचं एक पाजणं बंद केल्याने तुझं काही बिघडत नाही, सकाळ-रात्र चालू ठेव.

चाळिशीतलं निदान म्हणजे जनुकांची तपासणी विचारायला हवी. ती आधी आईची करतात, मग गरज पडली तर तुझी. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात चौकशी कर.

मूळ लेखिका:
शनिवारी सकाळची वेळ मिळाली. आईला सांगितलं. म्हणाली, मी येते. तिची जुनी फाइल कपाटातून काढून पिशवीत भरूनही ठेवली आहे.