मेल सर्व्हर सकाळी रांगतो: रॅम वाढवू की डिस्क बदलू?

शिरोली_आयटी: मंडळी, फाउंड्रीचं ऑफिस, १४० मेलबॉक्स. पोस्टफिक्स (मेल पोचवणारं), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारं), अमाविस (व्हायरस-स्पॅम तपासणारा फिल्टर). ३२ जीबी रॅम, ४ सॅटा डिस्कची रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी जोडणी). सकाळी साडेनऊ ते अकरा मेल वीस मिनिटं उशिरा पडतात. व्हेंडर रॅम ६४ करा म्हणतोय. मालकांकडं पैसे मागण्याआधी काय तपासू?

डिस्कमास्तर: रॅमचा नाद सोडा. गर्दीच्या वेळी ‘आयओस्टॅट -एक्स १’ (डिस्कवरचा ताण दर सेकंदाला दाखवणारी कमांड) लावून ठेवा. रेड ५ वर छोटं एक लिहिणं म्हणजे दोनदा वाचणं, दोनदा लिहिणं. आणि पोस्टफिक्स डिस्कवर पक्कं लिहून झाल्याशिवाय मेलची पोच देत नाही. डिस्क कंट्रोलरची राइट-बॅक कॅश (लिहिणं आधी स्वतःच्या मेमरीत घेणारी) हे झाकून नेते. तिची बॅटरी मेली की कंट्रोलर गपगुमान राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिण्यावर) जातो. तेही बघा.

क्यूवाला: पोस्टफिक्सचा लॉग काढा आधी. ‘डिलेज’पुढं सेकंदांचे चार आकडे असतात: क्यू मॅनेजरकडं (रांग हाकणाऱ्या भागाकडं) पोचेपर्यंतचा वेळ, त्याच्याकडं ताटकळलेला, कनेक्शन जोडण्याचा, आणि प्रत्यक्ष पाठवण्याचा. उशीर कुठं होतोय ते तिथंच कळतं.

शिरोली_आयटी: डिस्कचा अवेट (एका कामाला लागणारा सरासरी वेळ) ६ मिलिसेकंद, बॅटरी ठीक. अमाविसकडं जाणाऱ्या ओळीत ०.४/११८०/०/६.

क्यूवाला: मग डिस्क निर्दोष. मेल ११८० सेकंद नुसता रांगेत उभा आहे. अमाविसचे ‘मॅक्स सर्व्हर्स’ (एकावेळी मेल तपासणाऱ्या प्रोसेस) बहुतेक मूळचे २ च असणार. एका मेलला ६ सेकंद, म्हणजे दोघं मिळून मिनिटाला २० मेल. साडेनऊला चारशे आले की वीस मिनिटं झालीच!

आकडा ८ करा, अमाविस रिस्टार्ट करा, मगच पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये त्या फिल्टरच्या ओळीचा मॅक्सप्रॉक (एकावेळच्या कनेक्शनांची मर्यादा) ८ करून पोस्टफिक्स रीलोड. क्रम उलटा नको. पोस्टफिक्सचा आकडा मोठा राहिला तर जास्तीची कनेक्शनं दारात उभी राहून टाइमआउट खातात. आणि कृपा करून ‘पोस्टक्यू -एफ’ (रांगेतलं सगळं लगेच पाठवायला लावणारी कमांड) सारखं सारखं मारू नका. डिफर्डमधलं (पुन्हा प्रयत्नासाठी थांबलेलं) सगळं एकदम अंगावर येतं, ताजे मेल मागं पडतात.

डिस्कमास्तर: मान्य, डिस्क नाही. पण ६ सेकंदसुद्धा जास्तच. अमाविसची लॉग लेव्हल २ करा, प्रत्येक मेलची टायमिंगची ओळ येते. स्पॅमअसॅसिनच (अमाविसमधला स्पॅम ओळखणारा भाग) बहुतेक वेळ खात असेल तर डीएनएस (नावांचे पत्ते शोधून देणारी यंत्रणा) बघा. ब्लॉकलिस्टची (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीची) विचारणा राउटरमार्फत किंवा ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) कडून नको; स्पॅमहॉस ही यादी तर सार्वजनिक रिझॉल्व्हरला (डीएनएसची उत्तरं शोधणाऱ्या सर्व्हरला) धड उत्तरच देत नाही. त्याच मशिनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर टाका, फॉरवर्डर न लावता (म्हणजे विचारणा दुसऱ्या रिझॉल्व्हरकडं न ढकलता).

क्यूवाला: अजून एक. कास्टिंगची १० एमबीची ड्रॉइंग मेलमध्ये जाताना साडेतेरा एमबीच्या पुढं जाते, फिल्टरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा अशी दोनदा क्यूत लिहिली जाते, शिवाय अमाविस ती सोडवून बघतो. त्याची टेम्प डिरेक्टरी टीएमपीएफएसवर (रॅममधल्या फाइल सिस्टिमवर) न्या, २ जीबी पुरे. तुमच्या ३२ जीबीत हे आरामात बसतं.