रडारचं रेकॉर्डिंग अर्ध्यात मरतंय, मदत हवी आहे (तातडीची)

निद्रानाश_नागपूर
जाणकारांनी प्रकाश टाकावा. रात्रभर रडारचा सिम्युलेटर चालू ठेवतो, बाजूला रेकॉर्डर. सकाळी रिप्ले लावला की बराच वेळ झकास चालतो आणि एका जागी सगळी विमानं गायब! स्लायडर पुढे सरकतोय, ट्रॅक एकही नाही. फाइलचा साइज बरोबर आहे. तीन रात्री हेच. रेकॉर्डर दोनदा नव्याने टाकला. सोमवारी डेमो आहे, सर आधीच तापलेत.

चहाबाज
विंडोज की लिनक्स? फॉरमॅट कुठला? आम्ही काय कुंडली मांडायची?

निद्रानाश_नागपूर
विंडोज. ॲस्टरिक्स (रडारचा डेटा पाठवायचा प्रमाणित फॉरमॅट), अर्थातच.

तर्कटराव
"अर्थातच" म्हणे. कॅटेगरी (संदेशाचा प्रकार) २१, ४८, ६२ की आणखी कुठली?

निद्रानाश_नागपूर
४८ (रडारला दिसलेली विमानं) आणि ३४ (रडारचे स्वतःचे संदेश). यूडीपी मल्टिकास्टवर, म्हणजे नेटवर्कवरून एकाच वेळी अनेक मशीनना. लाइव्ह स्क्रीनवर काही बिघडत नाही, फक्त रिप्लेत.

लिनक्सबाबा
विंडोज रात्री झोपी जातं. उबुंटू टाका, सुखी व्हा.

चहाबाज
बाबा, मशीन झोपलं असतं तर फाइल वाढली असती का? प्रत्येक धाग्यावर तेच औषध.

कोकणी_काका
मी गच्चीवर डोंगल लावून १०९० मेगाहर्ट्झवर (विमानं आपली माहिती याच फ्रिक्वेन्सीवर पाठवतात) खरी विमानं पकडतो. ॲंटेना म्हणजे तांब्याची तार, पाव तरंगलांबी, जेमतेम ७ सेंमी. पावसाळ्यात तेवढी गंजते.

तर्कटराव
काका, त्यांच्याकडे ॲंटेनाच नाहीये. सिम्युलेटर आहे.

कोकणी_काका
असू दे. कुणाच्या तरी कामी येईल.

चहाबाज
धागाकर्ते, विमानं नेमकी किती वाजता जातात?

निद्रानाश_नागपूर
पहाटे. आत्ता पाहिलं, तिन्ही दिवशी ५:३०. लाइट जात असेल का?

रात्रपाळी_निवृत्त
लाइट नाही हो. आपले साडेपाच म्हणजे यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र. ४८ मधल्या १४० क्रमांकाच्या आयटममध्ये तारीख नसतेच. मध्यरात्रीपासूनची वेळ असते, सेकंदाच्या १२८व्या भागात मोजलेली. आकडा १,१०,५९,१९९ पर्यंत चढतो आणि पुन्हा शून्य. प्लेअरला वाटतं, हा माल कालचा, आणि तो फेकून देतो. आधीच्या रेकॉर्डपेक्षा वेळ अर्ध्या दिवसाहून जास्त मागे गेली, तरच ८६,४०० सेकंद मिळवा. नुसतं "मागे गेली की मिळवा" असं लिहू नका, दोन-चार प्लॉट (विमान दिसल्याच्या नोंदी) उलटसुलट क्रमाने येतातच. पण प्लेअर कुणाचा आहे? कोड हातात आहे का?

निद्रानाश_नागपूर
आमच्याच सीनियरने पायथनमध्ये लिहिलाय.

चहाबाज
अरे, हे पहिल्या ओळीत नको का सांगायला! आणि तू बसलास रेकॉर्डर टाकत!

तर्कटराव
एवढा खटाटोप कशाला? पॅकेट मशीनवर पोचल्याची वेळ धरा, विषय संपला.

रात्रपाळी_निवृत्त
त्यात नेटवर्कचा उशीर मिसळतो. डेमोला खपेल, मोजमापाला नाही.

तर्कटराव
एका खोलीतल्या लॅनवर कसला उशीर?

रात्रपाळी_निवृत्त
जोडा आणि मोजा, मग बोलू.

निद्रानाश_नागपूर
चाललं!! ५:३० ओलांडून सगळी विमानं शाबूत. पण ३४ चे नॉर्थ मार्कर (फिरता रडार उत्तरेवरून गेल्याची खूण) अजून कालच्यातच अडकलेत.

रात्रपाळी_निवृत्त
३४ मध्ये वेळ ०३० क्रमांकाला असते. तिथेही तीच दुरुस्ती करा.

गुपचूप_वाचक
माझं ६२ चं रेकॉर्डिंग दुपारी २ ला अडकतं. मीही ८६,४०० मिळवू का?

चहाबाज
नको! नवा धागा काढा. आणि फॉरमॅट, ओएस, प्लेअर सगळं लिहा.