मदत हवी आहे : डान्स पॅडवर दुगुनीची पावले साधत नाहीत

नमस्कार.

मी फोंड्याजवळ राहते. घरी संगणकाला जोडलेल्या डान्स पॅडवर स्टेपमॅनिया खेळते आणि या खेळात मला मनापासून पुढे जायचे आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर खालून वर बाण सरकत येतात आणि वरच्या स्थिर बाणांवर ते नेमके पोहोचतात त्या क्षणी पायाखालचा त्याच दिशेचा चौकोन दाबायचा असतो. कोनामी या जपानी कंपनीने १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ आणले, तेव्हापासून ही रचना रूढ झाली. स्टेपमॅनिया ही त्याच धर्तीची, मोफत मिळणारी प्रणाली आहे.

ईझी स्तरावरची बहुतेक गाणी मी आता व्यवस्थित पूर्ण करते. त्यांत मुख्यतः लाल बाण असतात, म्हणजे दर मात्रेला एक पाऊल. मीडियम स्तरावर मात्र अर्ध्या मात्रेचे निळे बाण, म्हणजे दुगुन, ओळीने येऊ लागतात आणि तिथे सगळी घडी विस्कटते. पहिली दोन-तीन पावले बरोबर पडतात, मग उजवा पाय लागोपाठ दोनदा पडतो, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हेच कळेनासे होते, आणि तेवढ्यात पुढचे चार बाण निघून जातात. दीडशे बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला दीडशे मात्रांच्या, गाण्यात एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे दुगुनीत सेकंदाला पाच पावले. चवथीला घुमट आरतीत मी कासाळे (मोठ्या झांजा) वाजवते आणि आरती चढत जाते तेव्हा हात याहून जलद चालतात. लय कानाला कळते, हातांना कळते, मग पायच का मागे राहतात, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

दुसरी अडचण वेळेच्या अचूकतेची आहे. मी सिम्प्ली लव्ह ही थीम वापरते. गाणे संपल्यावर तिच्यात आपले प्रत्येक पाऊल किती आधी किंवा किती उशिरा पडले याचा आलेख दिसतो. माझी पावले जवळजवळ सगळीच उशिराच्या बाजूला असतात, अगदी सोप्या गाण्यांतसुद्धा. सर्वोच्च श्रेणीसाठी मागेपुढे साधारण २२ मिलिसेकंदांचीच मुभा असल्यामुळे ती श्रेणी मला क्वचितच मिळते. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर आणि चित्र टीव्हीवर असते, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

माझा पॅड फोमचा, मऊ आहे. फरशीवर तो हळूहळू पुढे सरकत जातो आणि गाणे अर्ध्यावर येईपर्यंत माझी टाच खालच्या बाणाच्या कडेवर आलेली असते. पावसाळ्यात तर एखादा बाण दाबूनही लागत नाही. कधी गेम झोनमध्ये पाच चौकोनांच्या यंत्रावर खेळण्याचा योग येतो, पण तिथून परतल्यावर घरचा पॅड परका वाटू लागतो. भाचीकडे जस्ट डान्स आहे आणि तिच्याबरोबर तेही आनंदाने खेळते. मात्र त्यात हातातल्या कंट्रोलरची किंवा फोनची हालचाल मोजली जाते, त्यामुळे पावलांना त्याचा फारसा लाभ होत नसावा, असे वाटते.

सराव नेमका कोणत्या क्रमाने करावा, हे कृपया सांगावे. केवळ ‘खेळत राहा’ यापलीकडचे काही हवे आहे.

प्रतिसाद १

ताई, नमस्कार. मी डिचोलीचा. आपण अडचण इतकी नेमकी मांडली आहे की उत्तर देणे सोपे झाले.

पावलांकडे वळण्याआधी यंत्र ठीक करून घ्या. त्या आलेखातला उंचवटा अरुंद असून तो सगळाच्या सगळा एका बाजूला सरकलेला असेल, तर दोष आपल्या पायांचा नाही. आवाज, चित्र आणि पॅड यांच्या वेळा जुळलेल्या नाहीत. उंचवटाच पसरट असेल, तर मात्र तो पायांचा प्रश्न. ब्लूटूथ स्पीकर आधी बाजूला ठेवा, कारण त्यातला उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ शकतो आणि या खेळात तेवढ्यात श्रेणी पार बदलते. तारेचा स्पीकर किंवा हेडफोन लावा, टीव्हीवर गेम मोड चालू करा. त्यानंतर आपल्याला पूर्ण सरावाचे झालेले एखादे ईझी गाणे लावून खेळताना एफ६ कळ दाबा. ती दाबत गेल्यावर ऑटोसिंकचे पर्याय बदलतात. त्यांतला मशीनचा पर्याय निवडला, की आपल्या पावलांवरून प्रणाली स्वतःच फरक मोजून दुरुस्त करते. हे केल्याशिवाय सराव वाढवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. कान एक सांगतो आणि डोळा दुसरे, अशा स्थितीत बसलेली सवय नंतर मोडायला फार त्रास होतो.

आता मुख्य प्रश्न. कासाळे वाजवताना हातांवर शरीराचा भार नसतो. इथे प्रत्येक पावलाबरोबर भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. माझा अंदाज असा आहे की बाण दाबल्यावर आपला पाय पॅडच्या मध्यभागी परत येतो. ईझी स्तरावर त्यासाठी पुरेसा वेळ असतो, म्हणून ते जाणवत नाही. दुगुनीत मात्र प्रत्येक बाणासाठी एक जाण्याचे आणि एक येण्याचे अशी दोन पावले पडू लागतात, आणि २०० मिलिसेकंदांत ती मावत नाहीत. दाबलेल्या बाणावरच पाय राहू द्या आणि तिथूनच पुढच्या बाणाकडे जा. एकाच बाणावर लागोपाठ दोनदा दाबायचे नसेल, तर डावा-उजवा हा क्रम शक्यतो मोडू नका, कारण बहुतेक पावलांची मांडणी करणाऱ्यांनी तोच क्रम मनात धरून ती केलेली असते. उदाहरणार्थ, डावा, खालचा, उजवा असे तीन बाण आले, तर डावा पाय डाव्यावर, उजवा पाय खालच्यावर, आणि पुन्हा डावाच पाय पुढून आडवा नेऊन उजव्या बाणावर पडतो. त्या वेळी कंबर उजवीकडे वळू द्यावी. छाती पडद्याकडेच रोखून ठेवली, तर गुडघ्यावर ताण येतो.

गेम झोनमधल्या यंत्रामुळे होणारा गोंधळही यातच येतो. पाच चौकोनांची ती रचना अँडामिरो या कोरियन कंपनीच्या ‘पंप इट अप’ची, १९९९ पासूनची. तिथे बाण चार कोपऱ्यांत असतात आणि मध्यभाग हा स्वतःच एक चौकोन असतो, त्यामुळे तिथे पाय मध्यावर येणे योग्यच आहे. दुगुन साधेपर्यंत ते यंत्र थोडे बाजूला ठेवावे, असे मला वाटते.

सरावासाठी एकच मीडियम गाणे घ्या आणि म्युझिक रेट, म्हणजे गाण्याची गती, ०.८ करा. दीडशेचे गाणे एकशे वीसवर येते आणि दोन निळ्या बाणांमध्ये २०० ऐवजी २५० मिलिसेकंद मिळतात. पायांचा क्रम न चुकता राहू लागला, की रेट थोडा थोडा वाढवत न्या. एफ७ दाबल्यास प्रत्येक बाणाला टिकटिक ऐकू येते. आपला कान तयार असल्याने आपल्याला तिचा विशेष उपयोग होईल. बाण एकमेकांत गुंतल्यासारखे दिसत असतील, तर त्यांचा सरकण्याचा वेग कमी करण्याऐवजी वाढवा. नवख्याला हे उलटे वाटते, पण वेग वाढला की दोन बाणांमधले अंतर वाढते आणि वाचणे सुटसुटीत होते. सी-मॉड (बाण एकाच स्थिर वेगाने सरकवणारा पर्याय) ४०० पासून सुरुवात करून डोळ्यांना रुचेल तसे बदला. पावले लहान ठेवा, चवड्यांवर नाचा आणि पाय बाण दाबण्यापुरताच उचला.

प्रतिसाद २

पॅडविषयी थोडे लिहितो. मऊ पॅडमध्ये वीज वाहणारे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये भोके असलेला फोम असतो; पाय पडला की भोकांतून थर एकमेकांना टेकतात. आपल्याकडच्या दमट हवेत पॅड घडी घालून ठेवला, तर घडीवर थर दुमडतात आणि नेमका तिथलाच बाण लागेनासा होतो. खेळून झाल्यावर तो कोरड्या कापडाने पुसून, सैल गुंडाळी करून ठेवावा. सरकू नये म्हणून पॅडच्या मापाचा प्लायवूड घेऊन त्यावर पॅड दुहेरी चिकटपट्टीने बसवावा आणि प्लायवूडखाली रबराची चटई घालावी. या पॅडवर बूट घालू नयेत. एखादा बाण लागत नाही अशी शंका आली, तर स्टेपमॅनियाच्या पर्यायांतल्या टेस्ट इनपुटमध्ये जाऊन प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर आणि कडांवर दाबून पाहावे, म्हणजे दोष पॅडचा की पायाचा हे लगेच कळते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. तारेचा स्पीकर लावून ऑटोसिंक केल्यावर ईझी गाण्यांतला उंचवटा जवळजवळ मध्यावर आला आहे. भाचीने फोनवर माझ्या पावलांचे चित्रण केले. त्यात प्रत्येक बाणानंतर उजवा पाय मध्यभागी परतताना स्पष्ट दिसतो आणि डावा मात्र जागीच राहतो. रेट ०.८ वर पाय बाणावरच ठेवून खेळले असता निळ्या बाणांची अख्खी ओळ प्रथमच सलग साधली, याचा फार आनंद झाला.

एक शंका उरली आहे. मध्येच दोन बाण एकत्र येतात आणि उडी मारावी लागते. त्यानंतर डावा-उजवा क्रम कोणत्या पायाने सुरू करावा?

प्रतिसाद १ कडून

उडीत दोन्ही पायांवर सारखा भार येतो, त्यामुळे आधीचा क्रम तिथे संपला असे समजा. उडीनंतरचा पहिला बाण डावा असेल तर डाव्या पायाने, उजवा असेल तर उजव्या पायाने सुरुवात करा. वरचा किंवा खालचा असेल, तर त्याच्या पुढच्या बाणावर नजर टाका : तो डावा असेल तर आधीचे पाऊल उजव्या पायाने टाका, म्हणजे डावा पाय मोकळा राहील. एवढ्या पुढचे दिसण्यासाठी नजर वरच्या स्थिर बाणांवर न खिळवता पडद्याच्या मध्यावर ठेवा.